ठेकेदाराकडे बोट दाखवून मालक सुटत नाही!

उन्हाळ्यात गल्लोगल्ली जेसीबी फिरू लागतात, पायाचे खड्डे खोदले जातात आणि मृगाचा पाऊस पडला की आमच्या टेबलावर एकाच प्रकारच्या तक्रारी येऊन पडतात. शेजाऱ्याने जुने घर पाडले. चार मजल्यांसाठी हद्दीला लागून खड्डा घेतला. पाऊस पडला, खड्ड्यात पाणी साचले, आणि एका पहाटे तक्रारदाराच्या स्वयंपाकघराची भिंत हातभर सरकली. दारे लागेनाशी झाली, फरशी उखडली, भिंतीतून पलीकडचा उजेड दिसू लागला. माणूस शेजाऱ्याकडे जातो, तर शेजारी म्हणतो, "मी काम ठेक्याने दिले आहे, ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराकडे जातो, तर तो म्हणतो, "मालकाने सांगितले तसे खोदले, मालकाला विचारा." दोघे मिळून जेसीबीवाल्याकडे बोट दाखवतात आणि जेसीबीवाला तर तासाच्या भाड्याने आलेला, तो केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला असतो. पोलीस ठाण्यात जावे तर ठरलेले उत्तर मिळते: ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. या टोलवाटोलवीत एक पावसाळा निघून जातो. शेवटी चार पोती सिमेंट आणि एक गवंडी पाठवून प्रकरण मिटवले जाते. दुसऱ्या पावसाळ्यात तीच भिंत पुन्हा फुटते, तेव्हा ऐकायला मागे कोणीही नसते.

आंबेडकरी समाजात अशा भिंतीची किंमत केवळ विटा-सिमेंटमध्ये मोजता येत नाही. नगरपालिकेत झाडू मारून, गिरणीत पाळ्या करून, निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड ओतून आपल्या बापाने जे घर उभे केले, ते बहुतेक घरांतले पहिलेच पक्के घर असते. रमाई आवास योजनेचे घरकुल असेल तर दुसऱ्यांदा अनुदान मिळण्याची आशाही नसते. अशा घराला तडा गेला की घरातली माणसे भाड्याच्या खोलीत जातात आणि मुलीच्या शिक्षणाला ठेवलेले पैसे दुरुस्तीत जातात. म्हणून हा प्रश्न दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आणि या प्रश्नावर कायदा आपल्या लोकांना वाटतो तितका मुका नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. नुकसानीच्या दाव्यांचा, म्हणजे अपकृत्याचा कायदा आपल्या देशात कोणत्याही एका अधिनियमात लिहून ठेवलेला नाही. आपली न्यायालये न्याय, समन्याय आणि सदसद्विवेक या सूत्राने इंग्लंडमधील निवाड्यांचा आधार घेत आली आहेत. तिथला सर्वसाधारण नियम शेजाऱ्याच्या बाजूचा आहे, हे आम्ही लपवणार नाही. नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, पण स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा सहसा जबाबदार नसतो. शेजाऱ्याचा वकील नोटिशीच्या उत्तरात हेच एक वाक्य लिहितो आणि आपला माणूस ते वाचून घाबरतो. पण या नियमाला जे अपवाद आहेत, त्यांत आपले प्रकरण अगदी मधोमध बसते.

१८७६ साली इंग्लंडमध्ये बोवर विरुद्ध पीट हा खटला निकाली निघाला. एका मालकाने आपल्या जागेवर नवे बांधकाम करण्यासाठी ठेकेदार नेमला. पाया खोदताना शेजारच्या घराला पुरेसा आधार दिला गेला नाही आणि त्या घराचे नुकसान झाले. मालकाने काळजी घेतली होती, पण ती स्वतःपुरती. शेजारच्या घराला आधार देण्याचे आणि नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे काम ठेकेदाराचे, असे त्याने करारात लिहून घेतले होते. तरीही न्यायालयाने मालकालाच जबाबदार धरले. ज्या कामातून खबरदारी न घेतल्यास शेजाऱ्याचे नुकसान होणार हे आधीच दिसत असते, ते काम करवून घेणाऱ्याला खबरदारीची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. काम दुसऱ्यावर सोपवता येते, कर्तव्य सोपवता येत नाही. पुढे १८८१ साली डाल्टन विरुद्ध अँगस आणि १८८३ साली ह्यूजेस विरुद्ध पर्सिव्हल या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सने हीच भूमिका घेतली. ह्यूजेस खटला तर सामाईक भिंतीचा होता. आपल्या जुन्या गावठाणांत आणि चाळींत दोन घरांना एकच भिंत असते, तिथे तो जसाच्या तसा लागू पडावा असा आहे. मालक आणि ठेकेदार यांच्यातला करार हा त्या दोघांचा आपसातला व्यवहार आहे. मालकाने नुकसानभरपाई दिल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल करायला तो मोकळा आहे. आपला त्या कराराशी काडीचाही संबंध नाही.

याला आपल्या लेखी कायद्याचाही आधार आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ७ खालील उदाहरणांत, प्रत्येक जमीनमालकाच्या नैसर्गिक स्थितीतील जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क स्पष्टपणे सांगितला आहे. घराचे ओझे असलेल्या जमिनीसाठी कलम १५ आहे. शेजारच्या जमिनीचा आधार शांतपणे आणि अखंडपणे २० वर्षे मिळत आला असेल, तर तो हक्क पक्का होतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर ही मुदत ३० वर्षांची. तुमचे घर वीस वर्षांहून जुने असेल तर घरपट्टीच्या जुन्या पावत्या, लाइटची बिले, सिटी सर्व्हेचा उतारा जपून ठेवण्याचे महत्त्व इथे कळते. घर त्याहून नवे असले तरी हातपाय गाळू नयेत. खोदकाम करताना शेजाऱ्याला इजा होणार नाही इतकी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य त्याहून वेगळे आहे आणि ते पहिल्या दिवसापासून असते.

वाजवी काळजी म्हणजे काय, हेही कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३७६४ आणि इमारत पाडण्यासाठी भारतीय मानक ४१३० अशी मानके आहेत. मातीतला चर दीड मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच फुटांपेक्षा खोल गेला की त्याच्या बाजूंना फळ्या-टेकूंचा आधार द्यावा किंवा बाजू उताराच्या ठेवाव्यात, हे त्यातले साधे तत्त्व आहे. आता आपल्या गल्लीतले काम आठवून पाहा. पहाटे जेसीबी येतो आणि संध्याकाळपर्यंत दहा फुटांचा उभा खड्डा तयार होतो. काढलेली माती त्याच्याच काठावर रचली जाते, तिचे वजन काठाला आणखी दाबते. खड्ड्यात पाणी आले की मोटर लावून उपसतात. त्या पाण्याबरोबर आपल्या पायाखालची बारीक माती वाहून जाते आणि वरून काही दिसत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती तर उन्हात आक्रसते आणि पाण्याने फुगते, तिला उघडी ठेवणे म्हणजे शेजारच्या जोत्याला हात घालणेच. खडक लागला की ब्रेकर चालतो, त्याचे हादरे आठ-आठ दिवस घराला बसतात. जुन्या सामाईक भिंतीत पलीकडच्या घराच्या तुळया रोवलेल्या असतात. त्या ओढून काढल्या की भिंतीला राहिलेली भोके पावसाचे पाणी पितात. यातली एकही गोष्ट दैवाने घडत नाही. प्रत्येक ठिकाणी पैसे आणि दिवस वाचवण्यासाठी कोणीतरी निर्णय घेतलेला असतो.

शेजारी नेहमी एक वाक्य तोंडावर फेकतो: "तुमचे घरच जुनाट होते, आज ना उद्या पडणारच होते." या वाक्याने आपले लोक खजील होतात. वास्तविक शेजारचे घर कमजोर आहे हे डोळ्यांना दिसत असेल, तर खोदणाऱ्याची जबाबदारी वाढते. घराच्या आधीच्या स्थितीमुळे भरपाईच्या रकमेवर वाद होऊ शकतो, पण जबाबदारी पुसली जात नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या खटल्यात दिलेला निर्णय येथे उपयोगी आहे. चांदनी चौकातील घंटाघर कोसळून माणसे मेली होती. ती वास्तू ८० वर्षे जुनी होती आणि तिच्या बांधकामातील चुन्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचेच होते. दोष आतला होता, आम्हाला दिसला नाही, हा महापालिकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. असे घंटाघर आपोआप पडत नाही. ते पडले यातूनच निष्काळजीपणा दिसतो आणि खुलासा मालकाने द्यायचा, असे ते सूत्र आहे. वीस वर्षे उभी असलेली भिंत शेजारी खड्डा पडल्यावर आठवड्यात खचते, तेव्हा हेच सूत्र आपल्या वकिलाने मांडले पाहिजे.

अर्थात प्रत्येक वेळी मालकच सापडेल असे नाही. रंगाऱ्याच्या हातून डबा निसटून शेजाऱ्याच्या स्कूटरवर पडला, तर ती कामाच्या ओघातली किरकोळ चूक आहे. तिला ठेकेदार आणि त्याचा माणूस जबाबदार. धोका कामातच होता की केवळ एखाद्याच्या हातात होता, हा फरक न्यायालय पाहते. पण हा फरक ठरवण्याचे ओझे आपण आपल्या डोक्यावर घेऊन घरी बसायचे नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ७ मध्ये सरळ तरतूद आहे: दाद कोणाकडून मिळायची याविषयी शंका असेल तर वादीने दोघांना किंवा अधिक जणांना प्रतिवादी करावे. मालक, ठेकेदार, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सर्वांना एकाच दाव्यात उभे करा. "त्याला विचारा, याला विचारा" हा खेळ मग त्यांनी न्यायाधीशांसमोर खेळावा. बिगारी कामगाराला मात्र त्यात ओढू नये. पोटासाठी गाव सोडून आलेला तो माणूस अनेकदा आपल्याच वस्तीतला असतो. लोक संतापाच्या भरात त्याच्याच अंगावर धावून जातात आणि मालक गच्चीवरून पाहत राहतो, हे आम्ही पाहिले आहे.

काही लोक म्हणतील, आमच्याकडे जागेचा कागदच नाही, झोपडपट्टीत राहणाऱ्याने कशाचा हक्क सांगायचा? सुविधाधिकार अधिनियमातला आधाराचा हक्क मागायला अडचण येईल, हे खरे. पण ज्याचा ताबा शांतपणे चालत आला आहे, त्याच्या ताब्यात ढवळाढवळ करणाऱ्या तिऱ्हाइताला "तुझ्याकडे कागद नाही" असे म्हणून सुटता येत नाही. निष्काळजीपणाने घर पाडणाऱ्याविरुद्ध ताबेदार दावा करू शकतो. घराबाहेरच काढले गेले असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत, मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. सरकारविरुद्ध मात्र हे कलम चालत नाही.

कागद असलेल्या आणि नसलेल्यांच्या वाट्याला काय येते, हे दोन घटनांतून दिसते. २५ जून २०१८ रोजी मुंबईत वडाळ्याच्या एका मोठ्या सोसायटीच्या आवारातील जमीन शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळली, मोटारी गाडल्या गेल्या. प्राणहानी झाली नाही. रहिवासी शिकलेले, संघटित. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, वर्तमानपत्रांनी दिवसेंदिवस छापले. पुढच्याच वर्षी, २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत बाजूच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले. बहुतेक बिहारचे, त्यांत लहान मुलेही होती. गुन्हे दाखल झाले, भिंत कोणाची आणि खड्डा कोणाचा यावर चर्चा झाल्या. त्या खोल्यांत झोपलेल्यांनी ना भिंत बांधली होती ना खड्डा मागितला होता. एका खड्ड्याने मोटारी गिळल्या तेव्हा शहर हादरले, आणि माणसे मेली तेव्हा दोन आठवड्यांत विसरून गेले. प्रस्थापितांच्या स्मरणशक्तीविषयी आम्हाला अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

आता पुराव्याचा भाग, कारण आमच्या अनुभवाप्रमाणे अशी प्रकरणे कायद्यापेक्षा पुराव्यावाचून अधिक मरतात. शेजारी घर पाडायला लागला त्याच दिवशी आपल्या घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावेत, कोपरे, जोते, खिडक्यांच्या चौकटी, छत. नुकसान झाल्यावर काढलेले फोटो नुकसान दाखवतात. ते आधी नव्हते हे आधीचे फोटोच दाखवतात. तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा वाढतो आहे हे आंधळ्यालाही दिसते. साइटवरच्या फलकाचा फोटो घ्यावा, त्यावर मालक, आर्किटेक्ट, ठेकेदार यांची नावे असतात. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागावी. मोबाइलमधले फोटो न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. ते नसल्यामुळे चांगले फोटो वाया गेलेले आम्हाला माहीत आहेत. आणि कृपा करून, इंजिनिअरने पाहणी करून अंदाजपत्रक देईपर्यंत तड्यावर गिलावा करू नका. पाहुणे येणार म्हणून लोक भिंत सारवून टाकतात आणि पुरावाच पुरतात.

दावा दाखल करताना मनाई हुकूम आणि पाहणी या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी मागाव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ प्रमाणे काम थांबवण्याचा किंवा आधार देऊनच पुढे नेण्याचा तात्पुरता हुकूम मागता येतो. आदेश २६, नियम ९ प्रमाणे कोर्ट कमिशनर नेमून जागेची स्थिती नोंदवून घेता येते. खड्डा बुजला, इमारत उभी राहिली की काय खोदले होते ते कोणालाच दाखवता येत नाही. तात्पुरत्या मनाई हुकुमाची ताकद किती असते, हे आंबेडकरी समाजाला नव्याने सांगायला नको. महाडच्या सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी चवदार तळ्याविषयी बाबासाहेबांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम पदरात पाडून घेतला. दोन दिवसांत! तो दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने संपला. तळे आपल्या खाजगी मालकीचे असल्याची आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची अनादि काळापासूनची वहिवाट असल्याची बाजू सनातन्यांना सिद्ध करता आली नाही. पण तोवर जवळपास दहा वर्षे उलटली होती. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा लवकर कोण ठोठावतो, याला किती अर्थ आहे ते यातून कळावे.

पोलिसांचे "दिवाणी बाब" हे उत्तरही पूर्ण खरे नाही. बांधकाम पाडताना किंवा दुरुस्त करताना ते पडून माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बाबतीत पुरेशी खबरदारी न घेणे हा पूर्वीच्या भारतीय दंड विधानाच्या कलम २८८ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो, बांधकाम उभारतानाच्या हलगर्जीसह, कलम २९० मध्ये आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रारीत हे कलम लिहून द्यावे आणि पोच घ्यावी.

ॲट्रॉसिटी कायद्याविषयी आम्हाला हमखास विचारले जाते. अनुसूचित जातीच्या माणसाच्या जागेच्या उपभोगात गैरपणे अडथळा आणणे हा कलम ३(१)(जी) खाली गुन्हा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा खटल्यात, केवळ जागेचा वाद आहे आणि एक पक्ष अनुसूचित जातीचा आहे एवढ्यावरून हा कायदा लागत नाही, जातीमुळे छळ झाला हे दिसले पाहिजे, अशी भूमिका घेतली आहे. त्या निर्णयाविषयी आमचे मतभेद आहेत, पण तो आहे. म्हणून जिथे जातिवाचक शिवीगाळ झाली, "तुमच्या लोकांनी इथे राहायचेच कशाला" असे बोलून मुद्दाम भिंत पाडली गेली, तिथे साक्षीदारांसह फिर्याद द्यावी आणि मुळीच कचरू नये. जिथे फक्त हावरटपणा आणि हलगर्जी आहे, तिथे दिवाणी दाव्याचीच कास धरावी. खोट्या पायावर उभी केलेली फिर्याद उद्या खऱ्या पीडिताच्या आड येते.

मुदतीकडे आमच्या लोकांचे नेहमी दुर्लक्ष होते. खाजगी शेजारी आणि ठेकेदार यांच्याविरुद्ध भरपाईचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. खड्डा वैशाखात पडला आणि भिंत श्रावणात खचली, तर केवळ खड्डा पडल्याने नव्हे, प्रत्यक्ष नुकसान झाल्यापासून मुदत मोजायची, असे मुदतीच्या कायद्याच्या कलम २३ वरून म्हणता येते. पण नुकसान महापालिकेच्या गटाराच्या किंवा रस्त्याच्या ठेकेदाराने केले असेल तर सगळे चित्र बदलते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ आणि मुंबईसाठी १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ५२७ प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांत दावा, अशी अट पुढे येते. राज्य सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, फार तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तिच्याविना. नगरसेवकाच्या दारात "साहेब, बघतो म्हणाले" यावर विसंबून बसलेला माणूस सातव्या महिन्यात आमच्याकडे येतो, तेव्हा आमचेही हात बांधलेले असतात.

तडजोडीला आमचा विरोध नाही. शेजाऱ्याशी जन्माचे वैर कोणालाच परवडत नाही. पण तडजोड लेखी हवी, इंजिनिअरच्या अंदाजपत्रकावर हवी. दुरुस्तीपर्यंतचे भाडे आणि फुटलेले सामान त्यात धरलेले हवे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तडा वाढल्यास जबाबदारी कोणाची हेही त्यात हवे. मोठा ठेकेदार असेल तर त्याने कामाचा विमा काढला आहे का, तो शेजाऱ्याच्या नुकसानीला लागू आहे का, हे नोटिशीतच विचारावे. कित्येकदा पैसे विमा कंपनीचे असतात आणि ठेकेदार उगीच घासाघीस करत बसतो. काम सुरू होण्यापूर्वी शेजारी "आमची हरकत नाही" अशा कागदावर सही मागायला येतो. खोदायला हरकत नाही म्हणणे म्हणजे घर पाडायला हरकत नाही म्हणणे नव्हे, हे खरे. पण कोऱ्या कागदावर सही केली की त्यावर नंतर काय लिहिले जाईल ते कोणी सांगावे?

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही सबब मात्र आम्ही ऐकून घेणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या मदतीत कोर्ट फीचाही समावेश होतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही या हक्काचा लाभ आहे, फक्त जातीचा दाखला नीट हवा. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती बसते, जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण, आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांना. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या समाजातही जागा घेऊन घर बांधणारे, मजले चढवणारे, ठेके घेणारे झाले, याचा आम्हाला आनंद आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत आता खड्डा खोदणाराही आपला आणि भिंत खचलेलाही आपला, अशी प्रकरणे दिसू लागली आहेत. वर सांगितलेला कायदा या मालकालाही तसाच लागू आहे. स्वस्त ठेकेदार, नकाशा नाही, इंजिनिअर नाही, रात्रीत खोदून सकाळी काँक्रीट, आणि शेजारी विधवा बाई असेल तर "बघू नंतर". नालासोपाऱ्याच्या, नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या कोणत्याही वस्तीत हे चित्र दिसेल. घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाने खोदण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घराचे फोटो शेजाऱ्यासमोरच काढावेत, दोघांनी त्यावर सह्या कराव्यात, आणि हद्दीलगतचा खड्डा एकदम न खोदता तुकड्यातुकड्याने खोदून प्रत्येक तुकडा भरल्यावर पुढे जाण्याची अट ठेकेदाराला घालावी. खर्च थोडा वाढेल, आठ-दहा दिवस जास्त लागतील, आणि मे महिन्याऐवजी हे काम दिवाळीनंतर काढले तर पावसाची भीतीही राहणार नाही.